कुजबुज्यांची मिठाची गुळणी

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली. खोलीच्या मधोमध प्लायवूडची आडभिंत, तिच्यात, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, वीतभर जाळी आणि जाळीवर ताणलेलं पातळ करडं कापड. आडभिंतीच्या उजवीकडे टेबल, टेबलावर माईक, त्यापुढे गादीची खुर्ची. डावीकडे एक स्टूल, एक टेबलदिवा, आणि दिव्याच्या उजेडात कागद धरून बसलेले, साठी ओलांडलेले, पाठीत किंचित वाकलेले एक गृहस्थ. शर्ट कडक इस्त्रीचा, पायात मात्र मऊ तळव्यांच्या चपला, कारण पायाचा आवाज होता कामा नये ही जुनी सवय. खुर्चीत कोण बसलंय ते त्यांना दिसत नाही, आणि खुर्चीतल्या माणसालाही ते दिसत नाहीत. हे त्यांना अगदी मानवतं. टाळ्या पडतात त्या बाजूला ते जन्मात कधी उभे राहिले नव्हते.

हे कुजबुजे.

हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत, पडद्याच्या घडीआड, मांडीवर नाटकाची वही घेऊन बसायचं आणि नट अडकला की पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच काम. कुणीतरी थट्टेत ‘कुजबुजे’ म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं की पुढे कंपनीच्या पत्रांवरही तेच छापून यायला लागलं. खरं नाव फक्त बायकोला आणि सरकारला ठाऊक राहिलं.

त्यांची कुजबुज मात्र साधीसुधी नव्हती. मोठमोठे नट ती ऐकून हात जोडत. ती विंगेतून निघायची ती थेट अडकलेल्या नटाच्या कानात शिरायची; शेजारी उभ्या असलेल्या नटीलाही तिचा पत्ता लागायचा नाही, मग पहिल्या रांगेची काय कथा. शिवाय ते पूर्ण वाक्य कधीच सांगत नसत. पहिलं अक्षर, फार तर दीड. ‘आर…’ एवढं ऐकलं की नटाला ‘आरसा’ आपोआप सापडायचा, आणि त्याला वाटायचं की आपल्यालाच आठवलं. रात्री रंग पुसताना तो छाती फुगवून म्हणायचा, “आज एकदासुद्धा अडलो नाही.” कुजबुजे म्हणायचे, “वा, झकास झालं.” त्यात टोमणा नसायचा. ते खरंच खूश व्हायचे.

माणूस विसरतो कसा, हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. चिडलेला नट आपली वाक्यं चोख म्हणायचा, पण समोरच्याची ऐकायचा नाही. नुकता प्रेमात पडलेला गडी पान-दीड पान गाळून खुशाल पुढे जायचा आणि त्याचा त्याला पत्ताही नसायचा. आणि घाबरलेला? त्याचं डोकं म्हणजे पुसलेली पाटी. बापाचं नाव विचारलं तरी सांगता यायचं नाही.

कंपनी बंद पडली तेव्हा कुजबुजे घरी बसले. बायको कंपनीच्याच कपडेपटात होती, तिनं शिवणयंत्र घरी आणलं आणि तिचं बरं चाललं. यांचं काय करायचं? हात असलेल्या माणसाला काम मिळतं, डोळे असलेल्याला मिळतं. कुजबुजीला कोण बोलावणार? आठ महिने ते खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, छोट्या जाहिरातींसकट. आणि एके दिवशी त्या जाहिरातींतच त्यांना दिसलं: ‘प्रयोगासाठी स्पष्ट, सपाट आवाजाचा माणूस हवा.’

प्रयोगासाठी! कुजबुज्यांनी शर्टाला इस्त्री केली, पत्ता शोधला, तीन जिने चढले. दारावर पाटीही होती, ‘प्रयोग चालू आहे, शांतता राखा’. त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. आत एक तिशीतली बाई कागदांच्या ढिगात बसली होती.

“नाटक किती अंकी आहे?” कुजबुज्यांनी विचारलं.

“नाटक?”

“प्रयोग म्हणालात ना.”

बाई आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. तिचा प्रयोग मानसशास्त्राचा होता. माणसाच्या मनात जे चाललेलं असतं, आनंद म्हणा, भीती म्हणा, त्याचा त्याच्या आठवण्यावर काय परिणाम होतो, हे तिला शोधायचं होतं. त्यावर तिचा प्रबंध उभा राहणार होता. तिनं यंत्रावर शब्द ध्वनिमुद्रित करून पाहिले होते, पण यंत्र ऐकताना माणसं पेंगायची. तिला जिवंत आवाज हवा होता, पण भाव नसलेला.

“धोब्याची यादी वाचल्यासारखं वाचता येईल, काका?”

“बाई, चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही. प्रॉम्प्टरनं अभिनय केला तर नटानं काय करायचं?”

त्याच दिवशी ते कामाला लागले.

प्रयोग असा होता. येणारा माणूस आधी शेजारच्या खोलीत जाऊन एक चिठ्ठी उचलायचा. पिवळी निघाली तर त्याला हसवणारी फिल्म दाखवायची. पांढरी निघाली तर नुसतं बसवायचं. लाल निघाली तर सांगायचं, “यानंतर तुम्हाला चार प्राध्यापकांपुढे उभं राहून दहा मिनिटं बोलायचंय.” एवढं ऐकलं की भल्याभल्यांचे तळवे ओले व्हायचे. मग तो माणूस गादीच्या खुर्चीत बसायचा, कुजबुजे आडून सोळा शब्द वाचायचे, आणि तीन मिनिटांत जितके आठवतील तितके त्यानं माईकपुढे म्हणायचे. घंटा वाजली की खेळ संपला. नंतर बाई लाल चिठ्ठीवाल्यांना खरं सांगायच्या, माफी मागायच्या आणि चहा पाजायच्या. ध्वनिमुद्रण त्या संध्याकाळी ऐकून गुण मांडायच्या.

सहा महिन्यांत नव्वद माणसं झाली. एका दुपारी बाई कागद फडकावतच आत आल्या.

“काका, काय निघालं असेल सांगा! लालवाले सगळ्यांत पुढे. सोळातले तेरा! पिवळे आणि पांढरे दहावरच अडकले. भीतीनं माणसाला जास्त आठवतं!”

कुजबुज्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला.

“असं नसतं हो, बाई.”

“आकडे खोटं बोलत नाहीत, काका.”

“आकड्यांचं मला ठाऊक नाही. पण आमचा एक नायक होता, वाघासारखा. पहिल्या प्रयोगाला ‘प्रिये’सुद्धा मी सांगितलंय त्याला.”

“तो एकटा. हे तीस आहेत.” बाई इतक्या खुशीत होत्या की त्यांनी कुजबुज्यांच्या हातात पेढा ठेवला आणि त्याच घाईत एक स्वतःच्या तोंडात टाकला. येत्या शुक्रवारी समिती बसणार होती. समितीनं मान डोलावली तर प्रबंध पुढे सरकणार; नाही तर ही खोली दुसऱ्या कुणाला मिळणार आणि बाई पुन्हा कुठल्यातरी शाळेत तास घेणार. आणि ही खोली गेली की कुजबुज्यांची पुन्हा खिडकी.

बुधवारची संध्याकाळ. कुजबुजे वर्तमानपत्र उघडून बसलेले, पण डोक्यात त्या तेराच्या आकड्याचा भुंगा. बायको फोनवर बहिणीला शिवणाचं सामान सांगत होती. “काळा दोरा आण, दोन रिळं. सात नंबरची सुई. मोठी बटणं. आणि ते हे… ते आतून लावतो ना आपण… ते…”

“अस्…” वर्तमानपत्रामागून आलं.

“हां, अस्तर. मीटरभर.” तिनं फोन ठेवला. “अहो, मधे मधे सांगू नका हो. माझं मला आठवत होतं.”

“मी कुठे काय सांगितलं?”

“आत्ता नाही ‘अस्’ म्हणालात?”

“मी? मी बातमी वाचतोय.”

“वर्तमानपत्र उलटं धरून?”

त्यांनी पाहिलं. होतं खरं उलटं.

“अहो, परवा दवाखान्यात डॉक्टर मला विचारत होते कुठली गोळी घेता म्हणून. मी घाबरून गप्प. तुम्ही भिंतीवरच्या चित्राकडे बघत ‘पिव…’ म्हणालात. डॉक्टर बघतच राहिले. घरात काय, दुकानात काय, चोवीस तास विंगेत बसल्यासारखे असता. मी आता बोलायचंच सोडून दिलंय त्याबद्दल.”

“तू बोलायचं सोडलंयस?”

“त्याबद्दल, म्हटलं.”

पण कुजबुजे हसले नाहीत. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. ते भिंतीकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की बायको उठून जवळ आली.

“काय झालं?”

“अगं, त्या खुर्चीत लालवाला अडकतो ना, तेव्हा त्याचा श्वास मला ऐकू येतो. आत घेतो आणि सोडतच नाही. फार वाईट वाटतं गं.”

बायकोनं डोक्याला हात लावला. पुढचं सांगायची गरजच उरली नाही.

ती त्यांच्याशेजारी टेकली. मग ती म्हणाली, “उद्या सकाळी सांगा तिला.”

“सांगितलं तर तिचे सहा महिने पाण्यात. आणि मी घरी.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर ती जगाला सांगत सुटेल की घाबरलेल्याला जास्त आठवतं.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “मग शाळेत मास्तर पोरांना मुद्दाम घाबरवतील.”

गुरुवारी सकाळी बाई येण्याआधीच ते जिन्यात उभे होते. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी ऐकलं, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि स्वतःही पायरीवर बसल्या.

“पण ध्वनिमुद्रणात एक अक्षर नाही, काका. मी स्वतः ऐकलंय.”

“नसणारच. माईकला ऐकू गेलं तर ती कुजबुज कसली?”

“आणि एकही माणूस म्हणाला नाही की कुणीतरी सांगतंय.”

“नटही कधी म्हणाले नाहीत.”

बाई उठल्या. त्यांचा विश्वास बसत नव्हता, किंवा बसवून घ्यायचा नव्हता. त्यांनी दुसरं यंत्र आणून कुजबुज्यांच्या कॉलरला माईक लावला. त्या दिवशी तीन माणसं बोलावली, दोघांना लाल चिठ्ठी, एकाला पिवळी. कुजबुज्यांनी शपथ घेतली की ओठ घट्ट मिटून बसेन. दुपारी दोघं ध्वनिमुद्रण ऐकायला बसले.

आधी शब्दांची यादी आली, सपाट, धोब्याची. मग शांतता. मग एक आवाज, कापसासारखा: ‘पाय…’ थोड्या वेळानं ‘कं…’ आणि मग ‘छ…’

“हा कोण?” कुजबुज्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “काका, हे तुम्ही.”

चौतीस वर्षं जो आवाज त्यांनी दुसऱ्यांच्या कानात ओतला, तो त्यांनी स्वतः कधीच ऐकला नव्हता. ते डोळे मिटून ऐकत राहिले. “बरा आहे की,” शेवटी म्हणाले.

लालवाल्या पहिल्याला पाच शब्द मिळाले होते, दुसऱ्याला चार. पिवळ्याला एकही नाही.

“मी ठरवून करत नाही हो, बाई.”

“तेच तर.” बाई कपाळ चोळत होत्या. “तुम्ही विचार करायच्या आत दया करून मोकळे होता.” मग त्या एकदम हसल्या, पण ते हसणं धड नव्हतं. “आणि मी काय केलं? तुम्ही समोर सांगत होता की असं नसतं. मी पेढा खाल्ला. आनंदात असलेला माणूस कमी तपासतो, काका. माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय. मीच लिहिलंय.”

“मग आता?”

“आता उद्या जाऊन हेच सांगायचं.”

शुक्रवारी समिती बसली: लांब टेबल, पाच माणसं, मधे विभागप्रमुख. बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. विभागप्रमुखांच्या भुवया वर वर जात केसांना टेकल्या. “म्हणजे एक माणूस आड बसून नव्वद लोकांना उत्तरं सांगत होता, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं? बोलवा त्यांना.”

कुजबुजे आत आले. समोर पाच चष्मे. आयुष्यात पहिल्यांदाच ते उजेडात उभे होते आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“आपलं नाव?” विभागप्रमुखांनी विचारलं.

कुजबुज्यांनी श्वास आत घेतला. तो आतच राहिला. ‘कुजबुजे’ हे नाव नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. पण खरं नाव, बायकोला आणि सरकारला ठाऊक असलेलं, ते कुठे गेलं? घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. त्यांनी छताकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. पुसलेली पाटी.

पगाराच्या पावत्यांवर ते नाव वाचलेल्या बाईंनी बाजूच्या खुर्चीतून ओठ न हलवता पहिलं अक्षर सांगितलं.

बाईंची कला कच्ची होती. सगळ्यांना ऐकू गेलं. कुजबुज्यांना नाव आठवलं, त्यांनी ते खणखणीत सांगितलं, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापिकेला हसू आवरेना. “अहो सर,” ती विभागप्रमुखांना म्हणाली, “आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? एकाचं नाव भीतीनं गेलं आणि दुसरीचा नियम दयेनं गेला.”

विभागप्रमुखही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. दहा आठवडे. नव्वद नवी माणसं. सगळं पहिल्यापासून.

“आणि हे गृहस्थ खोलीत नकोत.”

“सर, आवाज तोच ठेवायला हवा,” बाई म्हणाल्या. “नाही तर आधीच्याशी ताडून बघता येणार नाही. चुकीचं मोजमापसुद्धा मोजून ठेवायचंय मला.”

“मग त्यांचं तोंड बंद ठेवायची जबाबदारी तुमची.”

हे बोलायला सोपं होतं. सोमवारी कुजबुज्यांनी तोंडावर हात धरला; हाताच्या फटीतून कुजबुज निघाली. मंगळवारी दातांत रुमाल धरला. तो कधी काढून मांडीवर ठेवला ते त्यांना आठवेना, पण कॉलरच्या माईकनं चुगली केली. बुधवारी त्यांनी यादी वाचून झाल्यावर तोंडात पाण्याचा घोट धरला. लालवाल्याचा श्वास अडकला, आणि इकडे घोट गटकन पोटात. ‘छ…’

चाचणीची तीन माणसं फुकट गेली होती आणि दहा आठवड्यांतले तीन दिवस संपले होते.

“काय करू गं?” घरी येऊन ते बायकोला म्हणाले. “जीभ ऐकतच नाही.”

बायको शिवणयंत्रावर वाकली होती, सुईत दोरा जात नव्हता, वैतागलेली होती. “अहो, मिठाची गुळणी धरून बसा ना एकदाचे.”

गप्प बसायला सांगताना कुणीही म्हणतं, तशीच ती म्हणाली. पण कुजबुजे उठले आणि स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचा आवाज आला, मग चमचा पेल्यात फिरल्याचा.

“अहो, काय करताय?”

उत्तर नाही. तिनं आत डोकावून पाहिलं. नवरा गाल फुगवून भिंतीला टेकून उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो बोटानं ‘झकास’ अशी खूण करत होता. साधं पाणी गिळता येतं. खारट पाणी गिळायचं म्हटलं की घसा नाही म्हणतो. तो घोट पोटात जात नाही आणि तोंड उघडलं तर शर्टावर सांडतो, त्यामुळे जिभेला दुसरी वाटच उरत नाही.

“तुमची चौतीस वर्षं गेली,” बायको हसत म्हणाली, “आणि मला आज कळतंय की एवढं सोपं होतं.”

दुसऱ्या दिवसापासून स्टुलाशेजारी एक पेला आणि एक पत्र्याचं तसराळं आलं. वाचन झालं की घोट. घंटा झाली की तसराळं. पहिल्या आठवड्यात त्यांची जीभ इतकी सोलली की बायको त्यांना दहीभाताशिवाय काही देईना. लालवाल्याचा श्वास अडकला की त्यांच्या गालांत वादळ उठायचं, पाणी डावीकडून उजवीकडे जायचं, डोळे भरून यायचे; पण आवाज नाही. बाईंनी तीन तीनदा ध्वनिमुद्रण ऐकलं. आता त्या प्रत्येक आकडा दोनदा तपासत, मग बाहेर चक्कर मारून येत आणि तिसऱ्यांदा तपासत. लालवाले नऊवर आले, आठवर आले. पिवळे होते तिथेच. “निघतंय तेच, काका, जे तुम्ही म्हणाला होता,” त्या एकदा म्हणाल्या, आणि लगेच स्वतःलाच दटावलं, “पण अजून बारा माणसं आहेत. आनंद नंतर.”

नव्वदावा आला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. धिप्पाड गडी, दहाव्या मजल्यावरच्या पोकळीत दोरीला लटकून काम करणारा. चिठ्ठी लाल निघाली. चार प्राध्यापकांपुढे बोलायचं ऐकून त्याचा आवाज बसला. त्यानं सात शब्द कसेबसे सांगितले आणि तो थांबला. श्वास आत गेला.

आडभिंतीच्या डावीकडे कुजबुज्यांचे गाल टम्म. यादीत त्याला हवा असलेला शब्द त्यांच्यासमोर होता: लिंबू. लिफ्टवाला म्हणत होता, “पिवळं… आंबट… अरे देवा, रोज घरात असतं…” पूर्ण एक मिनिट तो तसाच धडपडत होता. कुजबुज्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. खारट पाणी नाकात गेलं, शिंक आली, ती त्यांनी कशी परतवली ते त्यांनाच ठाऊक.

घंटा वाजली.

बाईंनी दार उघडलं, लिफ्टवाल्याला खरं काय ते सांगितलं, माफी मागितली. तो मोठा श्वास सोडून हसला, पण चहाचा कप हातात घेऊनही म्हणत राहिला, “एक शब्द राहिला हो, अगदी जिभेवर आहे.” बाईंनी वही उघडली, शेवटचा आकडा लिहिला, यंत्र बंद केलं आणि वही मिटली.

तेवढ्यात आतून तसराळ्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मऊ चपला घाईघाईनं बाहेर आल्या. शर्टाची पुढची बाजू भिजलेली, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर दहा आठवड्यांचं साठलेलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

“लिंबू हो,” कुजबुजे लिफ्टवाल्याला म्हणाले, “लिंबू होतं.”